झोपलेल्या बाळाची आखणी

पेणमध्ये हस्तकला शिकवायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

दुसऱ्या गावात टीचरनं मातीचा गोळा हातात घेतला की मुलं कौतुकानं बघत राहतात. इथे मी गोळा घेतला की तिसरीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसतात. ‘टीचर, पाणी जास्त झालं,’ असं मला एका एवढ्याशा मुलानं भर वर्गात सांगितलंय, आणि पाणी खरंच जास्त झालं होतं. गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने, ओट्यावर वाळत घातलेल्या सोंडा, जेवायच्या ताटाला लागलेला रंग, अशात ही मुलं वाढलेली. मी रोह्याची. आमच्याकडे माती शेतात असते.

पण माझी तक्रार मुलांबद्दल नाही. ती आहे त्यांच्या आईबापांबद्दल, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आमची शाळा लुथरन मिशनची. लहानशीच आहे, सातवीपर्यंत. मागे चर्च, पुढे मैदान म्हणायचं म्हणून मैदान, आणि मध्ये पत्र्याचा एक हॉल. पास्टर प्रविणसाहेब हे चर्चचे पास्टर आणि शाळेचे मुख्याध्यापकही. मुलं बहुतेक हिंदूच. नाताळात सगळी मिळून देवदूत होतात आणि गणपतीत पास्टरसाहेबांच्या घरी एवढे मोदक जातात की त्यांना पुढे आठवडाभर साखरेच्या गोळ्या वाढवाव्या लागतात. त्यामुळे धर्माचा प्रश्न आमच्याकडे कधी आला नाही. आला तो हस्तकलेच्या प्रदर्शनाचा.

दर नाताळच्या सुट्टीआधी प्रदर्शन असतं. मागच्या वर्षी विषय होता ‘टाकाऊतून टिकाऊ’. तिसरीतल्या भूमिकानं एक विहीर आणली. त्या विहिरीत मोटर होती, मोटरीनं पाणी वर येत होतं आणि पाटानं वाहत जाऊन पुन्हा विहिरीत पडत होतं. मी विचारलं, ‘भूमिका, हे कसं केलंस गं?’ ती म्हणाली, ‘माहीत नाय टीचर, मी झोपले होते.’ डोलवीहून येणाऱ्या एका मुलाचे वडील कंपनीत वेल्डर. त्यांनी लोखंडाची पवनचक्की पाठवली. ती रिक्षातून उतरवायला दोन माणसं लागली आणि तिनं आमच्या शिपायाचं बोट कापलं. जिते गावच्या एका मुलीनं मोर आणला, तर मोराच्या बुडाला कुरिअरचं स्टिकर. बक्षिसं द्यायला आलेल्या पाहुण्या बाई मला म्हणाल्या, ‘मुलं फारच हुशार आहेत हो तुमची.’ मी हसले. दुसरं काय करणार?

यंदा मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मुलांची कामं मुलंच करणार. पालकांच्या ग्रुपवर तसा मेसेज टाकला. अगदी स्पष्ट. पन्नास जणांनी अंगठा दाखवला. त्याच्याखाली लगेच रितेशच्या आईनं विचारलं, ‘टीचर मग रंग कुठला आणू, ऑइलचा की पाण्याचा?’

मी फोन उलटा करून ठेवला.

विषय मुद्दाम असा निवडला की घरी नेताच येणार नाही. गव्हाणी. नाताळची गव्हाणी, म्हणजे गोठ्यात जन्मलेला बाळ येशू आणि भोवतीची सगळी मंडळी. सहावीच्या वर्गानं मिळून करायची. प्रत्येकानं शाडूची एक एक मूर्ती करायची, ती माझ्या डोळ्यांदेखत, शाळेच्या हॉलमध्ये. साचा नाही, ब्रश नाही. मूर्ती वाकडी झाली तर वाकडी. कासू गावच्या एका मुलानं घरच्या भाताचा पेंढा आणला, तेवढी मदत मी चालवून घेतली.

कोण काय करणार हे मी विचारायच्या आतच किमयानं हात वर केला. किमया कधी काही मागत नाही. वर्गात ती अशी बसते की हजेरी घेतानाही तिला शोधावं लागतं.

‘टीचर, बाळ मी करू?’

मी म्हटलं, ‘कर की. पण बाळ सगळ्यात अवघड बरं का. लहान असतं.’

‘चालंल. घरी मला फक्त उंदीर देतात.’

तिचे वडील पुंडलिक. त्यांचा कारखाना शाळेच्या मागच्याच आळीत. पेणहून कच्च्या मूर्तींचे टेम्पो भरभरून मुंबईला जातात, त्या मूर्तींना रंग तिकडचे लोक देतात. पण पुंडलिकांचं नाव आहे ते आखणीबद्दल. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळं काम झालं की शेवटी हातात बारीक ब्रश घ्यायचा, श्वास धरायचा, आणि एका दमात भुवई, पापणी, बुबुळ. आसपासचे कारखानेही डोळ्यांसाठी मूर्ती त्यांच्याकडे आणतात. त्यांच्या कारखान्यातून बिनडोळ्यांची मूर्ती उंबरा ओलांडत नाही, असा त्यांचा नेम आहे आणि तो ते भेटेल त्याला सांगतात. किमयाला तिथे काम असतं ते साच्यातून उंदीर काढायचं आणि त्यांना पॉलिश पेपर मारायचं. गणपतीच्या तोंडाला तिनं आजवर हात लावलेला नाही. लावू देत नाहीत.

तर हिनं बाळ करायला घेतलं. बाकीची मुलं धडाधड काम करत होती. रितेशचं गाढव दोन तासिकांत उभं राहिलं. दिशाची मरीया बसली ती अशी बसली की उठवायचं नाव नको. किमया मात्र नुसती बोटांनी माती चेपत होती. तिला लहान भाऊ आहे, प्रणित, काही महिन्यांचा. आई सगुणाही कारखान्यात असते, त्यामुळे शाळेतून गेल्यावर पोराला झोपवणं हिच्याकडे. बाळ करताना ती मध्येच स्वतःचा डावा हात असा वाकडा धरायची, जसं त्यात कुणी आहे, आणि मग उजव्या हातानं मातीत काहीतरी दुरुस्त करायची. मी बघत होते, पण बोलले नाही. माझ्यासारख्या बाईला गप्प बसणं किती जड जातं ते माझ्या घरच्यांना विचारा.

शेवटी तोंड आलं. गाल फुगीर, हनुवटी जवळजवळ नाहीच, ओठ किंचित उघडे. डोळ्यांच्या जागी तिनं दोन छोटे उंचवटे ठेवले आणि अंगठ्याच्या नखानं त्यांच्यावर एकेक बारीक रेष ओढली. मग हात मागे घेतला.

‘ए, डोळे कुठायत याचे?’ रितेश ओरडला.

‘झोपलाय तो,’ किमया म्हणाली. ‘हळू बोल.’

रितेश खरंच हळू बोलला. सगळा वर्ग येऊन बघून गेला आणि कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण असा प्रकार माझ्या वर्गात पहिल्यांदा घडला. मूर्ती काही सुबक वगैरे नव्हती. एक कान दुसऱ्याहून मोठा होता. पण ती झोपली होती. मला एकदम भरून आलं आणि त्या भरात मी शब्द देऊन बसले. म्हटलं, ‘किमया, हे बाळ तुझं. याला आता कुणी बोट लावणार नाही. मीसुद्धा नाही.’

‘नक्की ना टीचर?’

‘नक्की.’

आणि मग निवडणूक लागली.

म्हणजे लागलेली होतीच, पण आमची शाळा मतदान केंद्र होणार हे पत्र आलं तेव्हा पास्टरसाहेबांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि विसरून गेले. त्यांना कुठलंही काम खणात ठेवलं की झालं असं वाटतं. ऐन वेळी सरकारी माणूस येऊन म्हणाला, हॉल रिकामा करा, वर्ग रिकामे करा, भिंतीवरचे तक्ते काढा. मला स्वतःला निवडणुकीची ड्युटी, तीही रोह्याला. मूर्ती अजून पुरत्या वाळलेल्या नव्हत्या. चर्चमध्ये ठेवूया म्हटलं तर तिथे बाकं रचलेली. शेवटी नाइलाजानं ज्याची त्यानं मूर्ती घरी न्यायची असं ठरलं. मी एकेका मुलाला समोर उभं करून बजावलं, ‘सावलीत ठेवायची. कुणालाही हात लावू द्यायचा नाही. आईला नाही, बाबाला नाही, आजोबांना नाही.’ ग्रुपवर तेच पुन्हा लिहिलं. पुन्हा पन्नास अंगठे.

किमयानं बाळ चपलांच्या खोक्यात ठेवलं, खाली पेंढा पसरला आणि झाकण न लावता छातीशी धरून घेऊन गेली.

प्रदर्शनाची तारीख पुढे ढकला असं मी सांगून पाहिलं. पण मिशनचे पाहुणे नगरहून येणार होते, त्यांची तारीख ठरलेली. त्यामुळे निवडणूक आटोपली, पेट्या गेल्या, आणि ज्या दिवशी शाळा उघडली त्याच दिवशी प्रदर्शन. मी सकाळची पहिली गाडी पकडून आले. हॉलमध्ये मुलं आपापल्या मूर्ती टेबलावर मांडत होती. लांबून मला काहीतरी चकाकताना दिसलं.

जवळ गेले आणि कपाळावर हात मारून घेतला.

गाढव माझ्याकडे बघत होतं. रितेशचं गाढव. त्याला कमळाच्या पाकळीसारखे लांब डोळे होते, वर रेखीव भुवया, कोपऱ्यात किंचित लाली, आणि बुबुळात पांढऱ्या रंगाचा तो एक थेंब, ज्यानं मूर्ती कुठूनही बघा, आपल्याकडेच बघते. शेजारच्या गाईला तेच डोळे. मेंढपाळाला तेच. मेंढीला तेच. दिशाच्या मरीयेला डोळ्यांबरोबर नथही मिळाली होती आणि निळ्या शालूला सोनेरी काठ. योसेफाला पितांबर. देवदूताला मुकुट, त्यावर खडे. अख्खा गोठा दोन्ही डोळे उघडून, अत्यंत प्रसन्न मुद्रेनं, मला आशीर्वाद देत होता.

‘हे काय आहे?’ मी विचारलं. माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला.

मग दिशा म्हणाली, ‘टीचर, मी नको म्हणून सांगितलं होतं. पण आजी म्हणाली, देवाची आई ना ती? अशी आंधळी कशी पाठवायची? मग आम्ही पुंडलिककाकांकडं नेली.’

‘आम्हीपण,’ रितेश म्हणाला.

‘आम्हीपण,’ मागून दोघंतिघं म्हणाली.

म्हणजे प्रत्येक घरचा माणूस आपापली मूर्ती रंगवून, नटवून पुंडलिकांच्या दारात घेऊन गेला होता, आणि त्या सद्गृहस्थानं माघी गणपतीची घाई बाजूला ठेवून, एका बैठकीत, गाढवासकट सगळ्यांची आखणी करून दिली होती. फुकट. कौतुकानं. हे कौतुक कसं आवरायचं ते मला कुणी सांगा. रागावायचं तर माणूस वाईट असावा लागतो.

तेवढ्यात पास्टरसाहेब आले. टेबलासमोर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज पसरलं की मी ओळखलं, आता यांच्याकडून काही मदत होणार नाही.

‘वा, टीचर! काय जिवंत दिसतंय सगळं!’

‘साहेब, हे मुलांनी केलेलं नाही.’

‘नाही कसं? गाढव रितेशनंच केलंय ना?’

‘गाढव त्यानं केलंय. डोळे पुंडलिकदादांनी केलेत.’

‘मग डोळ्यांपुरतंच ना,’ पास्टरसाहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले. ‘पाहुणे एवढ्यात पोचतील. तुम्ही उगाच डोक्याला ताप करून घेता.’ आणि ते हार आले का ते बघायला गेले.

मग माझ्या लक्षात आलं की गव्हाणीतली मधली जागा रिकामी आहे. पेंढा होता, बाळ नव्हतं. किमया कोपऱ्यात खोकं मांडीवर घेऊन बसली होती. आता खोक्याला झाकण होतं.

‘किमया, बाळ आण.’

तिनं मान हलवली.

‘तुटलं का?’

‘नाय.’

‘मग?’

‘मी मांडणार नाय टीचर. ते माझं नाय.’

मी खाली बसले आणि झाकण उघडलं. आधी मला काही कळेचना. बाळ तेच होतं, मोठ्या कानाचं. पण गुलाबी, गुळगुळीत, आणि टक्क जागं. पुंडलिकांनी आपल्या पोरीच्या मूर्तीवर जरा जास्तच जीव लावला होता. त्या डोळ्यांत इतकं काम होतं की दुसऱ्या कुठल्याही बाळाला ते शोभले असते. आणि नखाच्या त्या दोन रेषांचा मागमूससुद्धा नव्हता.

‘पप्पा म्हणाले, वाळताना चिरा गेल्यात,’ किमया म्हणाली. ‘मी घरी नव्हते, दुकानात गेले होते. आले तर भरून टाकल्या होत्या. वरून डोळे.’ मग तिनं झाकण परत लावलं. ‘मी त्याला झोपवला होता टीचर. तुम्ही बोललेलात कुणी हात लावणार नाय.’

माझा पारा चढला तो इतका, की मी तिथल्या तिथे पुंडलिकांना फोन लावला आणि ‘आत्ताच्या आत्ता शाळेत या’ एवढंच सांगून ठेवून दिला. खरं सांगायचं तर मला त्यांचा जेवढा राग आला होता तेवढाच स्वतःचाही. शब्द देताना मी विसरले होते की मी पेणमध्ये आहे.

पुंडलिक लगेच आले. अंगात धुतलेला शर्ट, केस ओले करून बसवलेले. बोटांना मात्र रंग तसाच. त्यांना वाटलं होतं, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार आहे.

‘बोला टीचर,’ ते हसत म्हणाले. ‘कशी वाटली आखणी? गाढवाची मी पयल्यांदाच केली. त्याचं तोंड लांब असतं, त्यामुळं जरा विचार करावा लागला.’

‘पुंडलिकदादा, मी ग्रुपवर काय लिहिलं होतं?’

‘हात लावू नका म्हणून. लावला नाय मी. मातीला हात लावलाच नाय. फक्त डोळे केले.’

आता याला काय म्हणायचं? मी बाळ खोक्यातून काढून त्यांच्यासमोर धरलं. ‘आणि हे?’

‘ह्याला लावला,’ त्यांनी कबूल केलं. ‘ह्याला दोन चिरा गेल्या होत्या ना, दोन्ही डोळ्यांवर, बरोबर मधोमध. शाडूचं तसंच असतं, घाईनं वाळला की तडकतो. मी पुट्टी भरून सरळ करून दिलं. पोरीची मूर्ती, अशी कशी पाठवू? बिनडोळ्यांची मूर्ती आपल्याकडून उंबरा…’

‘दादा, त्या चिरा नव्हत्या. त्या तिच्या रेषा होत्या. बाळ झोपलेलं होतं.’

पुंडलिक हसायचे थांबले. बाळाकडे बघितलं, मग किमयाकडे. ती खाली फरशीकडे बघत होती.

‘झोपलेला व्हता?’

किमयानं मान डोलावली.

‘मला सांगायचंस ना गो.’

‘तुम्ही विचारलंत कुठं?’ ती म्हणाली.

पुंडलिक पुन्हा बाळाकडे वळले. आयुष्य गेलं होतं त्यांचं डोळे उघडण्यात. मिटलेला डोळा मूर्तीला असू शकतो हे त्यांच्या मनातही आलं नसणार, आणि मला, एवढी चिडलेली असूनही, त्यांची कीव आली. पण ते पेणचे कारखानदार. चूक कळली की दुरुस्तीला हात पुढे येतोच. त्यांनी खिशातून बारीक ब्रश काढला. हा माणूस सत्कारालाही ब्रश घेऊन आला होता!

‘आण इकडं. अंगाच्या रंगात बुजवतो आन् वर पापणीची रेघ मारतो. दोन मिंटं. कळणार पण नाय.’

‘नाय!’ किमया उभीच राहिली. तिनं माझ्या हातातून बाळ ओढून घेतलं. ‘तुम्ही हात नाय लावायचा. मी करीन.’

तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. बहुधा तिच्या वडिलांनीही नाही. टेबलाजवळची मुलं वळून बघायला लागली. दारातून पास्टरसाहेबांनी डोकावून घड्याळ दाखवलं, आणि मी त्यांना हातानंच ‘थांबा’ म्हटलं, जे मी एरवी कधी म्हणत नाही.

किमयानं बादलीतला उरलेला शाडू घेतला, त्यात फेविकॉल घालून मळला, आणि त्याच्या दोन छोट्या पाकळ्या केल्या. एक पाकळी तिनं बाळाच्या उजव्या डोळ्यावर ठेवली. ती घसरून गालावर आली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. रंग वाळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. तिसऱ्यांदा पाकळी खाली पडली तेव्हा तिनं ती उचललीच नाही.

पुंडलिकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले होते. त्यांना काय करायला हवं ते माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आणि ते सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं हेही दिसत होतं. मी काही त्यांना सोडवायला गेले नाही.

‘आधी रंग खरवड,’ ते शेवटी म्हणाले. ‘टोकदार काय तरी घे. गुळगुळीत अंगावर काय धरत नाय.’

किमयानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि त्याचं टोक बाळाच्या डोळ्यावर ठेवलं. पहिला ओरखडा त्या पांढऱ्या थेंबावरून गेला. पुंडलिक खिडकीकडे वळले. कर्कटकाचा खर्रखर्र आवाज येत राहिला आणि तोपर्यंत ते बाहेर शाळेच्या नळाकडे बघत उभे होते.

आता पाकळ्या बसल्या. तिनं बोट ओलं करून कडा बाळाच्या गालात मिसळल्या. गुलाबी तोंडावर दोन करड्या, ओल्या पापण्या. दिसायला ठिगळच ते, दुसरं काही नाही. पण अंगठ्याच्या नखानं तिनं पुन्हा दोन रेषा ओढल्या आणि हात मागे घेतला, आणि रितेशनं आपण होऊन आवाज खाली आणला.

पुंडलिक वळले. बाळाजवळ येऊन वाकून बघायला लागले. बघणं हेच त्यांचं काम, त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

‘डावा जरा उघडा राहिलाय गो,’ ते म्हणाले. ‘खालून बारीक फट दिसते. मी लावत नाय हात. तूच कर, पण मिट तो.’

‘राहू दे. तो तसाच झोपतो.’

‘कोण?’

‘प्रणित.’ किमया बाळाखालचा पेंढा सारखा करत होती. ‘गाढ झोपला तरी डावा डोळा थोडा उघडा असतो त्याचा. पयला मला वाटायचं जागा हाय. मग कळलं.’

‘आपला प्रणित?’

‘मग कोणाचा?’

‘मी कसं कधी बघितलं नाय?’

‘तुम्ही कुठून बघणार?’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आता रागही राहिला नव्हता, नुसता वैताग होता, लहान पोर सांभाळणाऱ्या बाईच्या बोलण्यात असतो तसा. ‘मी त्याला हलवून हलवून झोपवते. तुम्ही चहाला येता, पाळण्यात वाकता, आन् राजा डोळे उघड, राजा बघ पप्पा आले, करून उठवता. रोज. मग मी परत झोपवते.’

पुंडलिक पुन्हा वाकले. बाळाच्या त्या बारीक फटीकडे ते इतका वेळ बघत राहिले की मला तिथून हलावंसं वाटलं. मी टेबलावरचे कागद उगाचच इकडचे तिकडे केले. ह्या माणसाला मी झापायला बोलावलं होतं!

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पास्टरसाहेब हार सावरत लगबगीनं आत आले. किमयानं बाळ गव्हाणीत ठेवलं. भोवतीचे गाढव, गाय, मेंढपाळ, नथवाली मरीया, सगळे डोळे फाडून त्याच्याकडे बघायला लागले, आणि ते आपलं झोपलेलं. पाहिल्यावर मला हसू आलं. एवढे टक्क जागे लोक भोवती असताना झोपायचं, म्हणजे ते बाळ पेणचंच.

‘पुंडलिकशेठ, तुम्ही पहिल्या रांगेत बसा,’ पास्टरसाहेब म्हणाले. ‘पाहुण्यांना सांगतो, हे आमचे कलाकार. तुमच्या हातूनच दिवा लावू.’

पण पुंडलिक दारापाशी पोचले होते आणि पायानं चपला चाचपडत होते.

‘येतो मी साहेब, जरा घरी जाऊन येतो,’ ते म्हणाले. मग मागे वळून, पोरीकडे परवानगी मागावी तसं, त्यांनी विचारलं, ‘आता झोपला असंल ना गो तो?’

‘व्हय. आंघोळ झाली की झोपतो,’ किमया म्हणाली. ‘नुसता बघा हां पप्पा. उठवू नका त्याला.’